एका घरातली दोन नाकं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीत सतत शिंका येणाऱ्यांनी लगेच अ‍ॅलर्जीची रक्तचाचणी करून घ्यावी, असा सल्ला मोठ्या अक्षरांत छापला होता. मी तुर्भ्याच्या मसाला बाजारात तोलणार आहे. सत्तावीस वर्षं मिरची, धने, हळद तोलतोय, तेव्हा शिंकांच्या विषयात मला थोडंफार बोलायचा अधिकार आहे असं समजून हे लिहितो. पत्र लांबलंय. कात्री लावाल तेव्हा चाचणीच्या दिवसाचा भाग तेवढा ठेवा.

आमच्या घरात दोन गळकी नाकं. एक माझं, एक मुलीचं. ती एकवीस वर्षांची, वाशीला कॉलेजात शिकते. सहा वर्षं आम्ही दोघं एकाच पाकिटातली अ‍ॅलर्जीची एकच गोळी खात होतो. कोपरखैरण्यातला आमचा नेहमीचा औषधवाला मला लांबून बघूनच पाकीट काढून ठेवायचा. सोबत नाक मोकळं करणारे थेंब. ती बाटली माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी असायची. गोळीनं मुलीला बरं वाटायचं. मला नुसती झोप यायची. एकदा काट्यावर ४३ किलो ८०० ग्रॅमच्या जागी मी ४८ किलो ३०० लिहिलं आणि साडेचार किलो तेजा मिरचीवरून गाळ्यावर जो तमाशा झाला तो इथे सांगण्यासारखा नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका लॅबनं मोफत शिबिर भरवलं. मोफत म्हणजे नाकात बॅटरी मारून बघणं मोफत, रक्ताचे पैसे वेगळे. चार दिवसांनी आठ पानांचा रंगीत रिपोर्ट हातात आला. एकूण आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर तयार करतं ते रक्तातलं प्रथिन, ४१०, समोर लाल बाण. खाली पदार्थांची यादी, त्यात अंडं, वांगं, शेंगदाणा आणि केळं यांच्यापुढे अधिकची चिन्हं. कुणी डॉक्टर भेटला नाही. फोनवर एका मुलीनं सांगितलं, काका, हे चार बंद करा, आणि अ‍ॅलर्जी मुळापासून काढायची तर जिभेखाली घ्यायचे थेंब आहेत, वर्षाचे १८ हजार. पैसे नव्हते म्हणून थेंब राहिले. पण कृष्णाकाठच्या माणसानं आठ महिने वांगं सोडलं. नाक होतं तसंच गळत राहिलं.

शेवटी मुलीच्याच हट्टानं वाशीतल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. रिपोर्टची पानं मी टेबलावर ठेवली, ती त्यांनी बाजूला सारली आणि विचारायला सुरुवात केली. अर्धा तास गेला असेल. बाहेरचे पेशंट दारातून डोकावत होते.

हे कधीपासून? मुलीचं चौथीपासून, माझं वयाच्या शेहेचाळिशीत. खाज येते का, नाकाला, डोळ्यांना, टाळ्याला? मला खाज कधीच नाही. मुलगी मात्र रोज सकाळी टाळ्याला जीभ घासून चक्-चक् असा आवाज करते. आम्ही तिला त्यावरून लहानपणापासून चिडवत आलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो टाळू खाजवायचा प्रकार आहे. मग त्यांनी मुलीचं नाक उजेडाकडे वळवलं आणि शेंड्याच्या थोडी वर एक आडवी बारीक रेघ मला दाखवली. तळहातानं नाक खालून वर ढकलत पुसायची सवय असली की वर्षानुवर्षांनी तिथे अशी घडी पडते. डॉक्टर मंडळी त्या सवयीला अ‍ॅलर्जीचा सलाम म्हणतात म्हणे. बापानं एकवीस वर्षं रोज पाहिलेलं नाक, आणि रेघ दिसली ती दुसऱ्या माणसाला.

पुढचे प्रश्नही असेच साधे. कुणाला दमा, कुणाला इसब? मुलीच्या मामाला दमा. शिंका कधी? मुलीला गादी झटकताना, दिवाळीत माळ्यावरची जुनी वाकळ काढताना, पावसाळ्यात तर उठल्याउठल्या. मला? मिरचीच्या खकाण्यानं येतातच, पण उदबत्तीनं, अत्तरानं, फोडणीच्या धुरानं, एसी गाडीत चढल्यावर, रात्री वाऱ्याबरोबर रसायनाचा वास आला की, आणि गरम झणझणीत रस्सा पुढ्यात आला की नाक नळासारखं सुटतं. सासूबाई आमच्याकडे असतात. मी निघताना शिंकलो की दोन मिनिटं टेकून जा म्हणतात. त्यांचं ऐकत बसलो असतो तर माझी सत्तावीस वर्षं उंबऱ्यावरच गेली असती.

मग औषधं कोणती चालू, हा प्रश्न. मी खिशातली बाटली काढली. किती दिवस वापरताय? मी म्हणालो, तीन वर्षं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. हे झायलोमेटाझोलिनचे थेंब फार तर पाच-सात दिवस घालायचे असतात. त्यानं नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण रोज घातले की असर उतरल्यावर त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब. म्हणजे थेंबांमुळे चोंदलेलं नाक मी थेंबांनीच मोकळं करत होतो. आमच्या शेजारच्या गाळ्यावरचे एक वयस्क मेहताजी लघवीसाठी टॅमसुलोसिन घेतात, त्यानंही नाक चोंदू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तेच. औषधांचा हा प्रश्न मला शिबिरात कुणी विचारला नव्हता आणि आपल्या मजकुरातही तो नव्हता.

दुर्बिणीनं नाक आतून पाहिलं. आत मांसाचे कोंब (पॉलिप) नाहीत, नाकाचा मधला पडदा किंचित वाकडा पण अडवणारा नाही. मुलीच्या नाकातलं अस्तर फिकट, निळसर, फुगलेलं, माझं लालबुंद. मग त्वचेवरची चाचणी करायचं ठरलं, आणि इथे आमची फजिती झाली. गोळी पाच ते सात दिवस आधी बंद करायची असते. मुलीनं पाळलं. मी पाचव्या रात्री नाक इतकं गळायला लागलं म्हणून एक घेतली आणि गप्प बसलो.

हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मध्ये, पेनानं आकडे लिहितात. प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब : गादीतल्या धूळकिड्यांचा, झुरळाचा, बुरशीचा, परागांचा, कुत्र्या-मांजराचा. एक थेंब साध्या मिठाच्या पाण्याचा, एक हिस्टामिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत अंगात सुटतं त्याच रसायनाचा. प्रत्येक थेंबातून टोकदार लॅन्सेटनं नुसतं टोचायचं, रक्तही येत नाही. पंधरा-वीस मिनिटं हात टेबलावर ठेवून बसायचं आणि खाजवायचं नाही. मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर तरी जास्त गांधी उठली तर ती खरी धरतात. हिस्टामिनच्या जागी गांधी उठायलाच हवी, गोळीचा असर अंगात असला तरच ती दबते. माझ्या हातावर तीही उठली नाही. डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, काका, गोळी कधी घेतली? चाचणी फुकट गेली. पुन्हा सात दिवस. मान्य करतो, चूक माझी होती. पण चाचणी करा असं छापताना गोळी आधी बंद करायची असते, हे एक वाक्य छापायला किती जागा लागते? शिवाय गोळी बंद करता येत नसेल तर ठरावीक पदार्थाविरुद्धचा आयजीई रक्तातून तपासता येतो, त्याला गोळीचा अडथळा नसतो.

मुलीच्या हातावर मात्र त्याच दिवशी धूळकिड्याच्या आकड्याशेजारी चांगली आठ मिलिमीटरची, कडा वेड्यावाकड्या झालेली गांधी उठली. झुरळाची त्याहून लहान. पुढच्या आठवड्यात माझ्या हातावर हिस्टामिनची उठली, बाकी सगळ्या जागा कोऱ्या.

गंमत अशी की मुलीचा एकूण आयजीई निघाला ९२, त्यावर लाल बाण नव्हता. माझा ४१०. बाण माझ्या नावासमोर आणि अ‍ॅलर्जी तिला. एकूण आकडा जंतांनी वाढतो, त्वचेच्या काही आजारांनीही वाढतो. तो नुसता बघून नाकाचं निदान होत नाही. अंडं खाऊन मला आजवर काही झालेलं नसताना रिपोर्टात त्यापुढे अधिकचं चिन्ह आलं म्हणून ती अ‍ॅलर्जी ठरत नाही. त्या संध्याकाळी घरी भरली वांगी झाली.

मला जे आहे त्याला अ‍ॅलर्जीशिवायचा नासिकाशोथ म्हणतात. नाकातल्या मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जरा जास्तच हळव्या. मुलगी बी.एस्सी. करते, तिनं मला समजावलं : मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूच्या ज्या ग्राहकाला (गिऱ्हाईक नव्हे, संवेदना टिपणारं प्रथिन) चेतवतं, तोच ग्राहक भाजल्यावरही चेततो. डेव्हिड ज्युलियस यांनी तो १९९७ साली मिरचीच्याच मदतीनं शोधला आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मी म्हणालो, आपल्याकडे तिखट खाल्लं तरी तोंड भाजलंच म्हणतात. मिरचीनं शिंक कुणालाही येते, त्याला अ‍ॅलर्जी लागत नाही. म्हणून तर कमी तिखट ब्याडगीच्या गोणीशी माझं भांडण नाही, आणि तेजा किंवा गुंटूर उतरली की डोळ्यांतूनही पाणी. अर्थात मसाल्याच्या धुळीची खरी अ‍ॅलर्जीही काही कामगारांना होते, त्यामुळे बाजारात काम करतो म्हणजे तिखटाचाच त्रास, असं उलटं गृहीत धरणंही चूकच. डॉक्टरबाईंनी हेही सांगितलं की काहींच्या बाबतीत त्वचा आणि रक्त दोन्ही कोरे येतात आणि अ‍ॅलर्जी फक्त नाकात असते, आणि काहींना दोन्ही प्रकार एकत्र असतात. माझी गोष्ट, माझं वय आणि माझा हात, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते म्हणून त्या तिथे थांबल्या.

उपचार दोघांचे वेगळे झाले. मुलीच्या गादी-उशीला बारीक विणीचं कव्हर, चादरी आठवड्याला साठ अंशाच्या पाण्यात, नाकात स्टिरॉइडचा फवारा. धूळकिडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो, पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषतो. आमच्या खाडीकाठच्या पावसाळ्यात त्याची चंगळ. जिभेखालचे थेंब किंवा इंजेक्शनं तीन ते पाच वर्षं घ्यायचा विचार झालाच तर तिच्यासाठी होईल. मला त्याचे १८ हजार दिले असते तर ते पाण्यात गेले असते. तिच्या गोळीत माँटेलुकास्ट नावाचं औषधही होतं. झोप कशी लागते, स्वप्नं पडतात का, मन उदास राहतं का, हे डॉक्टरबाईंनी मुद्दाम विचारलं, कारण अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मार्च २०२० मध्ये त्यावर मनाच्या तक्रारींबद्दल सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. सहा वर्षं ते आमच्याकडे चिवड्यासारखं घरात येत होतं.

माझे खिशातले थेंब सुटायला तीन आठवडे लागले, आधी एक नाकपुडी, मग दुसरी. पहिल्या चार रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. आता अ‍ॅझेलास्टिन नावाच्या औषधाचा फवारा, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि काट्यावर मास्क. पूर्ण बरा नाही. रस्सा समोर आला की रुमाल अजून लागतो.

माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा लॅबच्या पॅकेजच्या आधी हे प्रश्न छापा : कोणत्या वयात सुरू झालं, खाज आहे का, कुठे आणि कधी वाढतं, आठवड्यातले किती दिवस, घरात दमा कुणाला, कोणती औषधं चालू. वाचकानं ते पंधरा दिवस वहीत लिहून डॉक्टरांकडे न्यावे. मी तोलाईच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिले. आणि एक चौकट अशीही टाका की एकाच नाकपुडीतून रक्त किंवा घाण येत असेल, किंवा डोक्याला मार लागल्यावर वाकलं की एका बाजूनं पाण्यासारखं टपकत असेल, तर अ‍ॅलर्जी-बिलर्जी म्हणत घरी बसू नका, लगेच दाखवा. आमच्याकडे ५० किलोची गोणी डोक्यावर घेणारी माणसं आहेत, त्यांना हे ठाऊक असायला हवं.

आपला नियमित वाचक,
एक तोलणार, कोपरखैरणे, नवी मुंबई

ता. क. – माझ्यासारख्या नाकावर कॅप्सेसिनचाच औषधी फवारा मारून ते मज्जातंतू बधिर करण्याचे प्रयोग डॉक्टरांनी केलेत आणि काहींना त्याचा गुण आलाय. हे मी बाजारात सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी एक हमाल तेजाच्या गोणीत तोंड घालून उभा. कृपया हा मजकूर छापलात तर सोबत छापा, की तो फवारा मोजून-मापून डॉक्टरच्या हातूनच घ्यायचा असतो.