लढाईवर गेलेल्यांची नावं हवीत

समस्त मुंबईकर ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि तरुण मंडळी यांना ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांचा नमस्कार.

देवळासमोरचा लढाईचा दगड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि त्यातले किती मेले, एवढंच त्यावर कोरलंय. नाव एकाचंही नाही. शिमग्याला पालखी तिथे थांबते, नारळ वाढवतात, गाऱ्हाण्यात 'लढाईवर गेले ते' म्हणतात आणि ढोल पुढे सरकतात. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणींतले कितीतरी जण मारले गेले. पण तिकडच्या बसरा स्मारकावरही हिंदी लोकांपैकी फक्त अधिकाऱ्यांचीच नावं कोरली, साध्या शिपायांचे नुसते आकडे.

चौथरा खचलाय, अक्षरांवर ऑइलपेंटचे थर चढलेत. तो सावरून शेजारी नावांचा दगड बसवायचं ठरलंय. त्यासाठी घरटी ५०० रुपये वर्गणी. जास्त दिलीत तर आनंदच. पावतीशिवाय कुणाच्या हातात पैसे देऊ नका. आणि आधीच सांगतो, देणगीदारांची नावं त्या दगडावर येणार नाहीत.

पैसे जमतील हो. अडलंय ते नावांपाशी, आणि ती गावात कमी, मुंबईत जास्त सापडतील. लालबाग, परळ, वरळीच्या चाळी पाडायला निघाल्यात. खोली रिकामी करताना माळ्यावरची ट्रंक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. पेन्शनचा कागद, पलटणीतला फोटो, जुनं पत्र, काहीही चालेल. पंचम जॉर्जचं डोकं असलेलं रुपयापेक्षा मोठं चांदीचं पदक मिळालं, तर त्याची कड उजेडात धरून बघा. तिथे इंग्रजीत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. साहेबाने नावाची वाट लावलेली असेल, पण नंबर असला की माग काढता येतो.

वाडी कुठली ते बघू नका. १११ महार पलटण १९१७ साली उभी राहिली, मोहल्ल्यातलेही बरेच जण पलटणीत होते. घरात कागद नसला तरी आजीला फोन करून विचारा, 'आपल्याकडचं कोण गेलं होतं?'

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी लालबागच्या गावकीच्या खोलीवर कार्यकर्ते बसतात. वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही, तुमच्यासमोर फोटो काढून लगेच परत देऊ. फक्त पदक चिंच लावून चकचकीत करून आणू नका, कडेची अक्षरं झिजतात.