पाठ बघून मासा घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवण्याविषयी तुमच्या रविवार पुरवणीत आलेला मजकूर वाचला. माहिती बरीचशी बरोबर होती, फोटोही छान. पण त्यातली एकूण एक टाकी काचेची, समोर बसून बघायची. आमच्या किनाऱ्यावर सध्या हौस वाढली आहे ती वेगळ्याच टाकीची, म्हणून हे पत्र.

मी देवगडात फायबरच्या होड्या बांधतो, दुरुस्त करतो. हल्ली त्यासोबत होमस्टेवाल्यांची कामं येतात. पडवीत नाहीतर खळ्याच्या कडेला ठेवायला बसकी टाकी हवी असते, सहा बाय चार, दोनेक फूट खोल. पाहुण्यांनी चहा पिता पिता वाकून मासे बघावेत ही कल्पना. कल्पना चांगलीच आहे. मात्र काही महिन्यांनी मालकाचा फोन ठरलेला: दुकानात मासे केवढे रंगीत होते, इथे आणले आणि काळे पडले. तुमच्या फायबरात काही दोष आहे काय?

फायबरात दोष नसतो आणि मासेही काळे पडलेले नसतात. वरून ते तसेच दिसतात.

बाजारात बांगडा आडवा मांडलेला असतो, म्हणून आपल्या डोळ्यांसमोर त्याची चंदेरी कूस. तोच पाण्यात असताना होडीतून खाली बघा. हिरवट निळी पाठ, तिच्यावर लांबीने गेलेल्या गडद रेघा, आणि एवढं असूनही मासा नेमका कुठे आहे ते चटकन कळत नाही. कळू नये म्हणूनच तर ती पाठ तशी आहे. वरून झडप घालणाऱ्या पक्ष्याला गडद पाठ पाण्यात हरवते, खालून येणाऱ्या मोठ्या माशाला पांढरं पोट उजेडात हरवतं. मधल्या पाण्यात पोहणाऱ्या बहुतेक माशांची हीच तऱ्हा. शोभेचे म्हणून विकले जाणारे बटरफ्लाय, एंजल, ब्ल्यू टँग तर अंगाने चपटे, त्यांची सगळी नक्षी कुशीवर. ब्ल्यू टँग काचेतून निळाशार दिसतो, महागही असतो. वरून बघाल तर सुरीची धार तेवढी दिसते.

जपानात कोई आणि रांचू (गोल्डफिशची एक जात) हे मासे पिढ्यानपिढ्या वरून बघूनच पारखले, वाढवले. म्हणून ते हौदात शोभतात. पण ते गोड्या पाण्यातले. समुद्रातल्या माशाची पाठ कोणी माणसाच्या डोळ्यासाठी घडवलेली नाही, तेव्हा आपल्यालाच निवडून घ्यावी लागते.

निवडायची कशी? जो मासा तळाशी बसतो त्याला वरूनच बघितलं जातं, त्यामुळे त्याची नक्षी पाठीवर असते. गोबी घ्या. आपल्या खाजणातल्या निवट्याच्या गोतातला हा मासा, डोळे डोक्याच्या माथ्यावर. आपण वाकून बघतो तेव्हा तोही वर बघत असतो. काही जातींचे गोबी एका कोळंबीसोबत एकाच बिळात राहतात. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बीळ उकरून वाळू बाहेर ढकलत राहते आणि मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की मासा शेपटी हलवतो, दोघं आत. हा खेळ काचेतून जेवढा दिसतो त्याहून वरून चांगला दिसतो, कारण बिळाचं तोंड, मासा आणि कोळंबी एकाच नजरेत येतात. पाहुण्यांची पोरं तिथून उठत नाहीत.

क्लाउनफिश हा दुसरा. त्याचे पांढरे पट्टे पाठीवरून आरपार गेलेले असतात, त्यामुळे वरूनही तो क्लाउनच दिसतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलेलं आहे, तेव्हा हॅचरीतला मागून घ्यावा. टाकीत वाढलेला असतो, खाणं घ्यायला हाताशी येतो, आणि समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतो त्या समुद्रफुलाशिवायही (सी ॲनिमोन) मजेत राहतो. समुद्रफुलाच्या फंदात नवशिक्याने पडू नये.

आता केंड, म्हणजे पफरफिश. आमच्याकडे केंडाचं नाव काढलं की शिव्या निघतात, जाळी कुरतडतो म्हणून. विषारी, त्यामुळे खायचा प्रश्नच नाही. पण टाकीसाठी खडपातला लहान जातीचा केंड घेतला तर वरून बघायला त्याच्यासारखा मासा नाही. पाठ रुंद, ठिपक्यांची, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, आणि खाणं देणारा माणूस तो ओळखायला लागतो. फक्त त्याला एकटा ठेवा. शेजाऱ्याचे पर तो शाबूत ठेवत नाही, आणि बोट पाण्यात घालाल तर बोटही नाही.

लायनफिश परांचा पंखा पसरून तरंगतो तेव्हा वरून देखणाच दिसतो, पण पाठीवरचे काटे विषारी, आणि उघड्या टाकीत हात वरूनच जातो. पोरंबाळं असतील तिथे नको. मँडरिन रंगाने लोभस, तळाशीच असतो, पण बारीक जिवंत किडेच खातो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. मुशीचं, म्हणजे लहान शार्कचं, पिल्लू काही जण हौसेने मागतात. ती दोन-अडीच फूट वाढते, माझ्या टाकीत वळणार कशी? पाकटाचं तर विचारूच नका.

दुकानात गेलात की एक करा. पैसे देण्याआधी मासा पांढऱ्या टबात सोडायला सांगा आणि उभ्याने खाली बघा. एक तर तुमच्या घरी तो कसा दिसेल ते तिथेच कळतं. दुसरं, उपाशी ठेवलेला मासा वरून लपत नाही: डोक्यामागची पाठ दोन्ही बाजूंनी चिमटलेली असते. काचेतून कूस गुटगुटीत वाटली तरी पाठ खोटं बोलत नाही. एका दुकानदाराने मला टब द्यायला साफ नकार दिला, तेव्हाच मी काय ते समजलो.

टाकीबद्दल थोडंसं, कारण ते माझं काम. आतला जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर, पांढरा मागू नका. बरेच मासे पांढऱ्या तळावर आपला रंग फिका करतात आणि बुजतातही. राखाडी किंवा गडद निळा बरा. नव्या रेझिनचा वास पुरता जाईपर्यंत पाणी भरायचं आणि ओतायचं, घाई करायची नाही. पंपाचं तोंड पाण्याखाली ठेवा, नाहीतर वर तरंग उठून काहीच दिसणार नाही. पण वरचा तवंग काढायला सांडवा हवाच. दोन फूट पाणी वरून दीड फूटच वाटतं, म्हणून खोली मनात असेल त्याहून जास्त सांगा. उघड्या टाकीतून वाफ होऊन जातं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं, तेव्हा रोजची भर गोड्या पाण्याची आणि खारेपणा मोजायच्या हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास लक्ष. पावसाळ्यात याच्या उलट. पागोळीखाली ठेवलेली टाकी एका रात्रीत मचूळ होते. वर बारीक जाळी ताणा. गोबी उड्या मारतात, आणि खंड्या व कावळे आमंत्रणाची वाट बघत नाहीत.

एक गोष्ट मात्र रागाने लिहितो. काही ठिकाणी टाकीत शोभेला म्हणून खडपावरून प्रवाळ खरवडून आणलेलं मी बघितलं आहे, घोडामासाही. दोन्हींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण २००१ पासून आहे, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. पर्यटकाला बुडी मारून दाखवायला तेच प्रवाळ आपल्याला हवं आहे ना? मग ते पडवीत कशाला?

रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आम्ही शाळेच्या सहलीत बघितलं, आजही पोरं बघतात. केंद्र १९५८ पासूनचं, माणसं जाणकार. तिथे काचेच्या टाक्यांशेजारी एक उघडा हौद वरून बघण्यासाठी ठेवावा, त्यात कोणते मासे शोभतात ते लोकांना डोळ्यांनी दिसेल, अशी माझी सूचना आहे. तुमच्या पत्रातून ती त्यांच्यापर्यंत जावी. हौद मी विनामूल्य करून देईन, देवगडहून नेण्याचा टेम्पो तेवढा त्यांनी बघावा.

आपला,
एक फायबर कारागीर, देवगड