टीव्हीवरचं ऑडिओ डिस्क्रिप्शन: सभासदांसाठी सूचना

मंडळी, नमस्कार.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली आपल्यासारख्या दृष्टिहीनांच्या उपयोगाच्या दोन वेगळ्या सोयी असतात, त्यांची गल्लत करू नका. स्क्रीन रीडर मेनू वाचून दाखवतो. ऑडिओ डिस्क्रिप्शन संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते सांगतं: दारातून कोण आलं, कुणी चिठ्ठी गुपचूप खिशात घातली. आधी स्क्रीन रीडर सुरू करा, म्हणजे पुढचं सगळं आपलं आपल्याला जमेल. सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींवर आवाजाचं बटण दाबून धरलं की या सोयींचा मेनू थेट उघडतो.

टीव्हीतलं हे सेटिंग मुख्यतः चॅनेलवरून येणाऱ्या वर्णनासाठी असतं. ॲपचं तसं नाही. नेटफ्लिक्सवर ही सोय २०१५पासून आहे, पण तिथे कार्यक्रम चालू असताना ‘ऑडिओ’च्या यादीतून वर्णनाचा ट्रॅक निवडावा लागतो.

सगळं चालू करूनही वर्णन ऐकू येत नसेल, तर लगेच टीव्ही बिघडला असं समजू नका; कित्येकदा त्या कार्यक्रमालाच वर्णन नसतं. अशा वेळी चॅनेलकडे किंवा ॲपकडे मागणी जरूर नोंदवा.

घरातल्या डोळस मंडळींना कळकळीची विनंती: मध्येमध्ये आवाज येतो म्हणून हे सेटिंग परस्पर बंद करू नका.

अडलं तर टीव्हीचं मॉडेल लिहून ग्रुपवर विचारा.