रॅम्प आहे, पण चढता येत नाही

संपादक महोदय,

लहानपणी पोलिओ झाला, आता व्हीलचेअर वापरते. एका तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालयात १४ वर्षे लिपिक आहे. आमच्या दाराशी तीन पायऱ्या, उंची दीड फूट. नियमाने एक फूट उंचीला १२ फूट उतार लागतो, म्हणजे १८ फूट. बांधलाय ६ फुटांचा, त्यावर गुळगुळीत फरशी. पावसाळ्यात शिपाईदादा आणि रांगेतला एखादा माणूस मागून जोर लावतात, तेव्हा कुठे मी टेबलापर्यंत पोचते.

‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी असलेल्या स्वच्छतागृहात जुन्या फायलींचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या भरल्या आहेत. म्हणून सकाळी निघताना मी घोटभर चहासुद्धा घेत नाही. दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. बाईमाणसाने असलं चारचौघांत बोलू नये म्हणतात, पण गप्प राहण्यात बरीच वर्षे गेली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण दिले, त्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणी नोकरीला लागतील. त्याच कायद्यात सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ मध्ये निघाले.

रॅम्प नव्याने बांधायला वेळ लागेल, हे समजू शकते. ते गठ्ठे तरी उद्या सकाळी हलवावेत.

– एक दिव्यांग कर्मचारी, जि. सातारा