बंड्या, तो आवाज परत ऐकला

कराड, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

शिव्या आधी घालून घे. आठ महिने पत्र नाही, फोन नाही, तुझ्या वाढदिवसाला नुसता अंगठा पाठवला. तब्येत बरी आहे. शुगर जरा वर, गोळी चालू. आई मजेत.

आज लिहायचं कारण ऐक. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो, दारात चपला काढत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. आधी खालचा, मग वरचा. टूंऽऽ टीप! मर्दा, एक चप्पल पायातच राहिली. आत सई लॅपटॉपपुढे बसलेली आणि पडद्यावर काळ्यावर पांढरं ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२ के’. कुणीतरी ते अख्खं मशीन ब्राउझरमध्ये जिवंत करून ठेवलंय. आमच्या शाळेत इंग्लंडच्या घडणीचा बीबीसी मायक्रो नावाचा कॉम्प्युटर होता, चालू केला की असाच वाजायचा, चपला बाहेर काढून आत जायचो, असं मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. तिने शोधून काढलं. “बाबा, हेच ना ते?” म्हणाली. मला बोलताच येईना. बायको म्हणते, कॉम्प्युटर वाजला तर डोळ्यांत पाणी कसलं? आता तिला काय सांगणार. म्हणून तुला लिहायला बसलो.

खरा घोळ वेगळाच आहे. सई बारा वर्षांची झाली, तिला प्रोग्रॅमिंग शिकायचंय, आणि पहिली भाषा कुठली यावर आमच्याकडे महिनाभर स्थळ बघितल्यासारखी चर्चा चालू आहे. हिंजवडीचा मेव्हणा म्हणतो पायथॉन, डोळे झाकून पायथॉन. सीबीएसईनेसुद्धा अकरावी-बारावीला सी++ सोडून पायथॉन घेतलं, हा त्याचा हुकमाचा एक्का. शाळेतल्या बाई म्हणतात स्क्रॅच, रंगीत ठोकळे जोडायचे. सईचं म्हणणं, ते मी चौथीत केलं, मला आता लहान समजू नका. तिला स्वतःला हवंय लुआ! मला वाटलं कुठला नवा शाम्पू आला. तर तिच्या मैत्रिणी खेळतात त्या रोब्लॉक्समधले गेम लुआत लिहितात. भाषा ब्राझीलची, रिओच्या विद्यापीठात १९९३ साली तयार झालेली, आणि नावाचा अर्थ चंद्र. आणि स्टँडजवळचा क्लासवाला म्हणतो, “सी केल्याशिवाय पाया पक्का होत नाही साहेब.”

पाया! हा शब्द ऐकला की माझ्या पोटात अजून गोळा येतो, आणि का येतो ते फक्त तुला माहीत आहे. बारावीच्या सुट्टीतला तो सीचा क्लास. एका मशीनवर चौघं, आठवड्याला मोजून एक तास, बाकी सगळं वहीत उतरवायचं. दुसऱ्याच आठवड्यात पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांचा धडा. कीबोर्डवरून आकडा घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये तो अँपरसँड (&) विसरलो आणि मशीन ठप्प. सगळ्या बॅचपुढे ढापण्या सर म्हणाले, “तू आपलं वडलांचं मेडिकल सांभाळ.” तू हसलास. हो, हसलास, नाही म्हणू नकोस. आणि गंमत बघ, मेडिकलच सांभाळतोय! पण तो अँपरसँड तिथे का लागतो हे त्या दिवशी कुणी दोन मिनिटांत सांगितलं असतं तर? व्हेरिएबल नावाच्या डब्यात काय आहे ते नको, तो डबा कुठल्या घरात राहतो तो पत्ता दे, एवढंच तर होतं. मला हे चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही तुझ्याकडून, खंबाटकी घाटात गाडी बंद पडली होती तेव्हा.

तू म्हणशील, भाषा कुठलीही चालते, डोकं तयार झालं पाहिजे. हे तुम्ही पगारी प्रोग्रॅमर लोक म्हणता. ज्याला चार येतात त्याला पाचवी कुठलीही चालते. बारा वर्षांच्या पोरीला पहिल्या आठवड्यात काय दिसतं, चुकल्यावर मशीन काय बोलतं, माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. आठवतं ना, बीबीसीवर काही वेडंवाकडं टाइप केलं की नुसतं ‘मिस्टेक’ म्हणायचा. ढापण्या सरांपेक्षा सभ्य होता. क्लासमधलं सीचं सॉफ्टवेअर, टर्बो सी, म्हणायचं ‘नल पॉइंटर असाइनमेंट’. म्हणजे काय, कुणाच्या बापाला माहीत!

पायथॉन वाईट नाही हं. मागच्या रविवारी तिने दोन आकडे विचारून बेरीज करायचा प्रोग्रॅम लिहिला. ५ आणि ७ दिले, उत्तर ५७! मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, “चुकलं नाही बाबा, चिकटलं.” मी गारच. कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथॉन अक्षरंच समजतो, आकडा हवा असेल तर ‘इंट’ लावून तसं सांगावं लागतं. बीबीसीवरच्या आपल्या बेसिक भाषेत डॉलर होता बघ. नुसतं ए म्हणजे आकडा, ए डॉलर म्हणजे अक्षरं. नावातच दिसायचं. हे तिला समजावताना मी इतका रंगलो की दूध उतू गेलं.

बेसिकची आठवण निघाली म्हणून वाचत बसलो. केमेनी आणि कर्ट्झ या अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ साली ते केलं, तेही मुद्दाम विज्ञानाबाहेरच्या पोरांना जमावं म्हणून. कर्ट्झ २०२४च्या नोव्हेंबरात गेले. आणि तो थोर संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा १९७५ मध्येच लिहून गेलाय की बेसिक शिकलेल्या पोरांना पुढे चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य. म्हणजे आपण दोघंही वाया गेलेले! तू निदान त्याचा पगार घेतोस.

सईचा अजून एक तंटा आहे. पायथॉनमध्ये यादी शून्यापासून का मोजायची? “माझा वर्गात पहिला नंबर आला तर शून्यावा म्हणायचं?” लुआत एकपासून मोजतात म्हणून तो पक्ष घरात सध्या जोरात आहे. मेव्हणा यावर रुसलाय.

काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? वहिनींची बदली? चिरंजीव दहावीला ना यंदा, त्याला म्हणावं शांतपणे दे. बंगळूरच्या ट्रॅफिकचं रडगाणं लिहिलंस तर वाचणार नाही.

आता मुख्य गोष्ट, जी लिहायला मघापासून हात शिवशिवतायत. जेवणं झाल्यावर सईने त्या ब्राउझरातल्या बीबीसीवर १० प्रिंट, स्वतःचं नाव, २० गोटू १० (म्हणजे परत १० वर जा) केलं. पडदाभर सई सई सई सई. थांबवता येईना म्हणून घाबरली, आणि माझं बोट आपोआप एस्केपवर गेलं. कुठे होतं ते बोट इतकी वर्षं? मग म्हणाली, हे पुसायचं कसं. मी म्हटलं, न्यू. म्हणताना तुझं तोंड डोळ्यांसमोर आलं. माझा क्रिकेटचा प्रोग्रॅम, त्रेसष्ट ओळी, वहीतून बघून बडवलेल्या, आणि तू मागून येऊन न्यू मारलंस. १९८९. त्यानंतर दिवाळीपर्यंत आपण बोललो नव्हतो.

पोरीने जुनं मॅन्युअलही शोधलं. त्यात लिहिलंय, न्यूने पुसलेला प्रोग्रॅम ‘ओल्ड’ असं टाइप केलं की परत येतो. मधे एकही नवी ओळ टाकलेली नसेल तर. तिने करून बघितलं. आला की रे! सईच्या दोन्ही ओळी जशाच्या तशा.

तर आता नीट आठव. न्यू मारून तू नुसता दात काढत उभा होतास, की लगेच १० प्रिंट करून स्वतःचं नाव टाकलंस? नुसता उभा असशील तर माझा प्रोग्रॅम तिथेच होता, तीन अक्षरं कुणाला माहीत नव्हती एवढंच, आणि मी तुझ्यावर उगाच धुसफुसत राहिलो. नाव टाकलं असशील तर अजून देणं लागतोस. मला वाटतं टाकलं होतंस. सई म्हणते, बंड्याकाका असं करणार नाहीत. ती तुला ओळखत नाही.

गुरुवारच्या आत लिही. क्लासवाल्याची बॅच शुक्रवारी सुरू होतेय, त्याला अजून नाही म्हटलेलं नाही.

तुझा,
पक्या