श्रद्धांजलीची घाई

समाजमाध्यमांवरील शोकप्रदर्शनाविषयीचा आपला लेख पटला. अभिनेते विक्रम गोखले यांच्या निधनाची बातमी २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पसरली, तेव्हा ते पुण्यातील रुग्णालयात अत्यवस्थ होते, पण हयात होते. खुलासा करायची वेळ घरच्यांवर आली. निधन झाले २६ तारखेला. मधले दिवस त्या घरात फोन कसे घेतले असतील?

त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मीही जोडलेले हात टाकले होते. सकाळी गुपचूप पुसले. लगेच खाली कोणी तरी पाण्याच्या टँकरची चौकशी केली होती, ती तशीच राहिली. घरच्यांनी किंवा रुग्णालयाने सांगेपर्यंत थांबायला काय हरकत आहे? आणि नंतरही, गेलेल्या कलावंतासोबतच्या आपल्या सेल्फीऐवजी त्यांच्या एखाद्या भूमिकेविषयी दोन ओळी लिहाव्यात.

– एक वाचक, पुणे