शमुवेल या नावाविषयी

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलगा झाला तर आजोबांचे शमुवेल हे नाव ठेवायचे असे तुम्ही दोघांनी ठरवले, हे वाचून मला फार समाधान वाटले. या नावाचा अर्थ 'देवापाशी मागून घेतलेला' असे मी तुला लहानपणी सांगत असे, आणि आता तिकडे हिब्रू शिकवणाऱ्या बाई म्हणतात की तो अर्थ शब्दात बसत नाही. बाईंचे बरोबर आहे. 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव, यांवरून शमुवेल म्हणजे 'देवाचे नाव'. मागण्याचा धातू 'शाअल' हा निराळा असून त्यावरून शौल हे इस्राएलाच्या पहिल्या राजाचे नाव होते. आणि नवल असे, की बायबलात शमुवेलाची आई हन्ना आपल्या या मुलाला शिलोच्या मंदिरात देवाला वाहते, तेव्हा मूळ हिब्रूत तिच्या तोंडी 'शाऊल' हाच शब्द येतो.

तरीही मी सांगितलेला अर्थ टाकून देऊ नकोस, कारण तो हन्नेचा आहे; तिने मुलगा देवापाशी मागून घेतला होता. जुने कथनकार धातू शोधत नसत, नावात कोणता ध्वनी ऐकू येतो ते पाहत. बायबलातील 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील वंशावळीत आदमाच्या नावात 'अदामा' म्हणजे माती आहे, एनोश म्हणजे मर्त्य माणूस, महललेल म्हणजे देवाची स्तुती, पण ही नावे तेथे नुसती मोजली जातात. लामेख मात्र नोहाचे नाव ठेवताना 'हा आमचे सांत्वन करील' असे म्हणतो, जरी सांत्वनाचा धातू 'नाहम' आणि नोहाच्या नावातला 'नुआह', म्हणजे विसावणे, हे वेगळे आहेत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती बायबलातीलच 'पहिला इतिहास' या पुस्तकातली शौलाची वंशावळ. शमुवेलाच्या पुस्तकात ज्याला ईश-बोशेथ, म्हणजे 'लाजेचा मनुष्य', म्हटले आहे, तो शौलपुत्र येथे एश्बाल आहे. 'बाल' म्हणजे धनी. पुढे तो शब्द परक्या दैवताचा म्हणून नकोसा झाला आणि त्याच्या जागी 'बोशेथ' घातला गेला, पण वंशावळीने जुने नाव जसेच्या तसे ठेवले. इस्राएलातील खिर्बेत कैयाफा येथे २०१२ साली सापडलेल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या रांजणावर 'एश्बाल बेन बेदा' असे कोरलेले आहे. तो माणूस दुसराच, पण असे नाव त्या काळी खरोखर ठेवत, हे त्यावरून कळते.

आपल्या कोकणातील यहुद्यांच्या नावांचेही असेच झाले. मुंबईत १७९६ साली सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे शमुवेल यहेज्केल; दोन्ही नावांच्या शेवटचा 'एल' गळून तेथे आपला आदराचा 'जी' आला.

आठव्या दिवशी नाव ठेवाल तेव्हा ते शमुवेल असेच उच्चारा आणि दाखल्यावरही तसेच लिहा. मी मात्र फोनवरून त्याला सामाजी म्हणूनच हाक मारीन.

तुझे बाबा